पाऊस, डोंगर आणि पूर : अभियंता विश्वेश्वरय्या यांच्या कार्याचा अभ्यास

नदीला पूर आला म्हणजे माणसे काठावर उभी राहून पाण्याकडे पाहतात. पुराचे खरे कारण मात्र त्या ठिकाणी नसते. ते वीस-पंचवीस मैल वर, डोंगरउतारांवर, माळांवर, शेतांच्या बांधांत व गावोगावच्या तलावांत असते. नदी हे केवळ पाणी वाहून आणणारे पात्र होय. पूर तयार होतो तो पाणलोट क्षेत्रात. ही गोष्ट ऐकावयास साधी वाटते. परंतु तिच्या आधारे एका अभियंत्याने अर्ध्या शतकाहून अधिक काळ काम केले आणि अनेक शहरांच्या व लक्षावधी शेतकऱ्यांच्या जीविताची सोय लावली. हे अभियंते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या कार्यातील जो भाग पाऊस, डोंगर व पूर यांच्याशी संबंधित आहे, त्याचा विचार येथे केला आहे. ज्याच्या शेतात बांध आहे, गावात पाझर तलाव आहे किंवा शिवारातून ओढा वाहतो, अशा प्रत्येक शेतकऱ्याला तो उपयुक्त ठरेल.

पुण्यातील शिक्षण व खानदेशातील पहिले काम

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. बंगळूर येथील पदवी घेतल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले. १८८३ साली त्यांनी अंतिम परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यांचे पहिले कार्यक्षेत्र नाशिक व खानदेश हे होते. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या खोऱ्यात प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यातील पुरामुळे हे काम अवघड झाले होते. तरीही त्यांनी ते तडीस नेले. पांझरेच्या याच खोऱ्यात शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे जपलेली फड पद्धती आहे. नदीवर लहान बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी वळवावयाचे आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. कोरड्या दिवसांत बारीक धारेने वाहणारी आणि पावसाळ्यात एका रात्रीत दुथडी भरणारी दख्खनची नदी कशी असते, हे तरुण अभियंत्याला येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

सह्याद्रीचा पाऊस व पायथ्याचा दुष्काळ

पश्चिम महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचे शास्त्र सह्याद्रीवर अवलंबून आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेस उतरताना तीच हवा पुन्हा तापते व कोरडी होते. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्याला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो आणि महाबळेश्वरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील बारामतीच्या भागात ५०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. यास्तव डोंगरात पडलेले पाणी धरणात अडवून कालव्याने अवर्षणग्रस्त पट्ट्यात नेणे, हाच येथील पाटबंधाऱ्यांचा पाया झाला. मुठा नदीवरील खडकवासला व नीरेच्या खोऱ्यातील भाटघर ही धरणे याच हेतूने एकोणिसाव्या शतकात बांधली गेली.

पुणे जिल्ह्यात काम करीत असताना विश्वेश्वरय्या यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाया जात असे आणि उन्हाळ्यात तेच पाणी अपुरे पडत असे, हा पहिला प्रश्न होता. धरणाची भिंत उंच न करता सांडव्यावर पाणी अडविणे शक्य होते. परंतु अडविलेल्या सांडव्यावर अचानक मोठा पूर आला तर धरणालाच धोका पोचला असता. मध्यरात्री, भर पावसात, दारे उघडण्यास माणसे वेळेवर पोचतील याची शाश्वती कोण देणार?

यावर त्यांनी आपोआप उघडणाऱ्या दारांची योजना केली. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतोवर दारे बंद राहत. त्या पातळीपलीकडे पाणी जाताच ती आपोआप उघडत आणि पूर ओसरल्यावर पुन्हा मिटत. १९०३ साली ही दारे खडकवासल्यास बसविण्यात आली. त्यामुळे तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक झाला. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा येथे व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे वापरण्यात आली. या योजनेचे मर्म यंत्रात नव्हते. ते एका नियमात होते. पाणी जेवढे अधिक साठवावयाचे, तेवढी ते बाहेर सोडण्याची वाट अधिक खात्रीची असली पाहिजे.

दुसरा प्रश्न कालव्याच्या पाण्याचा होता. नीरा कालव्यावर वरच्या गावांतील बागायतदार उसाला वाटेल तितके पाणी देत. खालच्या गावांपर्यंत ते पोचत नसे. वर जमिनी पाणथळ व खारवट होत आणि खाली पिके वाळत. १८९९ नंतर विश्वेश्वरय्या यांनी येथे गट पद्धती सुचविली. ठराविक क्षेत्राचा एक गट करावयाचा, त्याच्या काही भागातच ऊस घ्यावयाचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावयाची व पिकांची फेरपालट करावयाची, असे तिचे स्वरूप होते. प्रारंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. आपले पाणी तोडले जाणार अशी त्यांना भीती वाटत होती. परंतु मोजून दिलेले पाणी अधिक गावांना पुरते, हे त्यांना सभा घेऊन समजावून देण्यात आले. पाणी मोजल्याशिवाय त्याची वाटणी न्यायाने होत नाही, हा धडा आजच्या कालवा सल्लागार समितीलाही तितकाच लागू आहे.

मुसी नदीचा प्रलय

१९०८ साली विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडले आणि परदेश प्रवासास गेले. ते युरोपात असतानाच हैदराबाद संस्थानातून त्यांना बोलावणे आले. त्यामागचे कारण भयंकर होते.

मुसी ही विकाराबादजवळील अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावणारी नदी आहे. वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात फारसे पाणी नसते. हैदराबाद शहर तिच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला असा पूर आला की, नदीकाठच्या दाट वस्त्या काही तासांत नाहीशा झाल्या. शहरातील तीन पूल वाहून गेले. मृतांची संख्या सुमारे १५,००० मानली जाते. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसे चढून बसली व वाचली. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखविले जाते.

विश्वेश्वरय्या १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेस आले. शहराभोवती उंच भिंत बांधावी, पात्र रुंद करावे, असे उपाय कोणालाही सुचण्यासारखे होते. परंतु त्यांनी अभ्यासाचा आरंभ शहरापासून केला नाही. तो पाणलोटापासून केला. पाऊस कोठे पडला, किती वेळात पडला आणि ते पाणी कोणत्या वाटेने शहरापर्यंत आले, हे प्रश्न त्यांनी प्रथम सोडविले.

शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचे होते. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सुमारे ३२५ मिलिमीटर, आणि ४८ तासांत १८.९ इंच, म्हणजे सुमारे ४८० मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. या भागात वर्षभरात सरासरीने सुमारे ३० इंच पाऊस पडतो. म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस तेथे दोन दिवसांत कोसळला होता. पुराचा सर्वांत मोठा प्रवाह दर सेकंदास सुमारे ४,२५,००० घनफूट असावा, असा अंदाज त्यांनी काढला.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी साचले तर ते ३,६३० घनफूट भरते. एका चौरस मैलात ६४० एकर असतात. ८६२ चौरस मैलांवरून केवळ एक इंच पाणी वाहून आले, तरी ते सुमारे २०० कोटी घनफूट होते. पुराच्या कमाल वेगाने ते शहरातून जाण्यास सुमारे १ तास १८ मिनिटे लागतील. जमिनीवर घोटाभरही न दिसणारे एक इंच पाणी नदीत एकवटले म्हणजे असे रूप धारण करते.

२२१ तलाव का फुटले?

या अभ्यासात शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. मुसीच्या त्या पाणलोट क्षेत्रात शेतीसाठी बांधलेले ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक तलाव होता. या पुरात त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते.

तेलंगणातील हे तलाव म्हणजे पूर्वजांच्या कौशल्याचा नमुना होय. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे जादा पाणी त्याच्याही खालच्या तलावात, अशी त्यांची साखळी असते. नेहमीच्या पावसात ही साखळी पाण्याचा थेंबन् थेंब जपते. परंतु सांडव्याच्या शक्तीपेक्षा अधिक पाणी आले की पाणी मातीच्या बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. माती वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही. बांधाला प्रथम लहानशी घळ पडते, ती पाहता पाहता रुंदावते आणि सगळा साठा एकदम सुटतो. खालच्या तलावावर मग केवळ पावसाचे पाणी येत नाही. वरच्या तलावात साठलेले पाणीही त्यात मिसळलेले असते. खालच्या तलावाचा सांडवा इतक्या पाण्यासाठी बांधलेला नसतो. तोही फुटतो. अशा रीतीने एका दुबळ्या दुव्यापायी साखळीतील भक्कम तलावही जातात.

हाच अनुभव पुढे महाराष्ट्रालाही आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्यावर आले आणि त्याच दिवशी ते धरणही फुटून पुण्यात हाहाकार झाला. ज्या खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्या यांनी तरुणपणी दारे बसविली होती, त्याची ही हकीकत त्यांच्या हयातीतच घडली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान धरण फुटले व अनेकांचे प्राण गेले. धरण लहान असले म्हणजे धोका लहान असतो, असे मानण्यास आधार नाही.

पुरासाठी रिकामी जागा

मुसीच्या बंदोबस्तासाठी विश्वेश्वरय्या यांनी सुचविलेला मुख्य उपाय शहराच्या वरच्या बाजूस होता. मुसीवर एक व तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर एक, असे दोन मोठे जलाशय बांधावेत, पुराचा माथा त्यांत धरून ठेवावा आणि नदीला सोसेल तेवढेच पाणी खाली सोडावे, अशी त्यांची योजना होती. याशिवाय शहरात नदीकाठाची सुधारणा व सांडपाण्याची व्यवस्थाही त्यांनी सुचविली. पुढे १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. त्यांनी शहराला पिण्याचे पाणीही पुरविले.

येथे एक पेच लक्षात घेतला पाहिजे. पिण्यासाठी व शेतीसाठी तलाव भरलेला हवा असतो; पुरासाठी तो रिकामा हवा असतो. काठोकाठ भरलेला जलाशय पूर अडवू शकत नाही. यास्तव पावसाळ्यात काही जागा मोकळी ठेवणे आणि वरील पावसाची खबर वेळेवर मिळवून पाणी टप्प्याटप्प्याने सोडणे, हे धरण बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला, तेव्हा याच प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात झाली.

जलाशयालाही मर्यादा असते. जलाशयाच्या खाली पडलेल्या पावसावर त्याचा ताबा चालत नाही. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबाद शहरात व आसपास अतिवृष्टी झाली, तेव्हा शहरातील काही तलावांचे बांध फुटून वस्त्यांत पाणी शिरले. दोन मोठे जलाशय उभे असले तरी लहान तलावांची व नाल्यांची निगा सोडून चालत नाही, हेच त्यावरून सिद्ध झाले.

कावेरी व महानदी

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. सह्याद्रीत, कोडगूच्या डोंगरात उगम पावणाऱ्या कावेरीवर १९११ साली कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. या धरणाच्या पाण्यामुळे मंड्याचा कोरडवाहू मुलूख भात व उसाचा मुलूख झाला. डोंगरातील पाणी कोरड्या पट्ट्यास नेण्याचा पुणे जिल्ह्यातील अनुभव येथे अधिक मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडला.

१९३७ साली ओरिसातील महानदीच्या पुरांचा विचार करण्यासाठी त्यांचा सल्ला घेण्यात आला. त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मुखाजवळच्या सपाट प्रदेशात केवळ तटबंध वाढवीत न बसता नदीच्या वरच्या खोऱ्यात पाणी साठविण्याचा विचार करावा, हीच दिशा त्यांनी दाखविली. पुढे महानदीवर हिराकूड धरण उभे राहिले. त्याचे उद्घाटन १९५७ साली झाले. १९५५ साली भारत सरकारने विश्वेश्वरय्या यांना भारतरत्न हा किताब दिला. १९६२ च्या एप्रिलमध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यांनी काय करावे?

मुसीच्या अभ्यासाचा उपयोग आपल्या शिवारात सहज करता येतो. समजा, एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र २० हेक्टर आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर २० हेक्टरांवर २०,००० घनमीटर पाणी पडते. जमीन आधीच भिजलेली असेल आणि त्यातील निम्मे वाहून आले, तरी ते १०,००० घनमीटर होते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरल्यास, सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. उरलेल्या पाण्याला वाट करून दिली नाही, तर ते बांध फोडून स्वतःची वाट करून घेते. हे ध्यानात घेऊन पुढील गोष्टी कराव्यात.

१. बांध घालण्यापूर्वी त्यावर किती क्षेत्राचे पाणी येते ते मोजावे आणि सांडव्याची रुंदी तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. नेहमीच्या पावसावरून अंदाज बांधू नये.

२. सांडवा भरावाच्या मातीत काढू नये. तो बांधाच्या बाजूस, मूळच्या कठीण जमिनीत काढावा व त्यास दगडांचे अस्तर द्यावे. सांडव्यावरून भरपूर पाणी वाहत असतानाही बांधाचा माथा पाण्याच्या बराच वर राहिला पाहिजे.

३. अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्यात माती, दगड किंवा वाळूची पोती कदापि टाकू नयेत. असे साठविलेले पाणी खालच्या गावाच्या जिवावर साठविलेले असते.

४. मृगापूर्वी बांधाची पाहणी करावी. घुशी, उंदीर व खेकडे यांची बिळे बुजवून ठोकून घ्यावीत. बांधावर मोठी झाडे वाढू देऊ नयेत. गवत मात्र राखावे.

५. पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसल्यास त्याचा रंग पाहावा. स्वच्छ पाण्याच्या पाझरावर नजर ठेवावी. पाणी गढूळ येऊ लागले तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे आणि विलंब न लावता तहसील कार्यालयास व खालच्या वस्तीस कळवावे.

६. आपल्या ओढ्यावर वर किती बांध व तळी आहेत याची यादी गावाने करावी. वरचा बांध दुबळा असेल तर त्याची दुरुस्ती ही खालच्या गावाचीही गरज आहे.

७. शेतात समपातळीत मशागत व बांधबंदिस्ती करावी. जे पाणी शेतात मुरते, ते पुरात जात नाही.

८. गावात पर्जन्यमापक ठेवावा व रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून वहीत लिहावा. दहा वर्षांची अशी वही गावाला फार मोलाची ठरेल.

सह्याद्रीत पूर दरवर्षी येतो, म्हणून तेथील लोक त्याला विसरत नाहीत. पठारावर तो वीस-तीस वर्षांनी एकदा येतो, म्हणून मधल्या काळात सांडवा बुजतो, ओढ्यात घरे उभी राहतात आणि बांधावर बाभळी माजतात. मुसीच्या पाणलोटातील ते २२१ तलावही अनेक पावसाळे सुखरूप पार पाडूनच १९०८ सालापर्यंत आले होते. आजवर बांध टिकला, एवढ्यावर उद्याची हमी धरता येत नाही. ती हमी पाऊस मोजणाऱ्या वहीने आणि मोकळ्या ठेवलेल्या सांडव्यानेच मिळते.